सायकल घेताना काटकसर कुठे करायची आणि कुठे नाही



पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून ठेवा.

घड्याळं एक तास पुढे गेली, संध्याकाळी उजेड राहायला लागला की आपल्या ग्रुपवर दोन प्रश्न हमखास येतात. एक, ‘मुलगा सप्टेंबरमध्ये सेकंडरीला जाणार, शाळा दोन मैलांवर आहे, सायकलने पाठवू का?’ आणि दुसरा, ‘नवऱ्याला ऑफिसला जायला ई-बाइक घ्यायची आहे, कमीत कमी कितीला पडेल?’ पहिल्याखाली ‘अजिबात नको, मला तर धडकीच भरते’ आणि ‘अहो, आपण नाही का जायचो’ अशी दोन टोकं. दुसऱ्याखाली भरपूर उत्तरं, आणि बहुतेक सगळी किमतीवर. कुठे सेल लागलाय, कुठला कोड टाकला की दहा टक्के सुटतात, कोणाच्या ओळखीत सेकंडहँड आहे.

मी सीए आहे. आर्टिकलशिप पुण्यात केली, गेली पंधरा वर्षं लंडनच्या पश्चिमेला हाउन्स्लोमध्ये राहते. आमच्याकडे तीन सायकली आहेत: नवऱ्याची ई-बाइक, तेरा वर्षांच्या लेकीची साधी सायकल, आणि फक्त रविवारी बाहेर निघणारी माझी. किमतीवर बोलणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, त्यामुळे अधिकाराने सांगते, सायकलच्या हिशेबात किंमत हा सगळ्यात कमी महत्त्वाचा आकडा आहे.

ऑडिट करताना आम्ही कुठल्याही जोखमीला दोन प्रश्न विचारतो. हे घडायची शक्यता किती? आणि घडलंच तर नुकसान केवढं, भरून येणारं की न येणारं? घरी मात्र आपण बहुतेक वेळा पहिल्याच प्रश्नापाशी थांबतो. सायकल चोरीला जाईल ही भीती सगळ्यांना असते, कारण ओळखीत कोणाची ना कोणाची गेलेली असते. पण चोरी हे पैशांचं नुकसान. दोन महिने जीव हळहळतो, मग दुसरी सायकल येते. जे नुकसान भरून येत नाही तिथे मात्र आपण बिनधास्त पैसे वाचवतो. दिवे नंतर घेऊ. ट्रेनिंग कशाला, येते की चालवता. चार्जर काय, पिन बसली म्हणजे झालं.

काटकसरीला मी नावं ठेवत नाहीये. आपल्यातले बरेच जण काटकसरीवरच इथे उभे राहिले. ती कुठे करायची, एवढाच आजचा विषय.

१. ‘येते चालवता’ म्हणजे नक्की काय येतं?

आपण बहुतेक सगळे सायकलवर वाढलो. पुण्याला तर एकेकाळी सायकलींचं शहर म्हणायचे. पण सांगली घ्या, नाशिक घ्या, आधी हाफ पायडल, मग दांडीवरून, मग सीटवर हा क्रम ठरलेला. त्यामुळे ‘मला येते’ हे खरंच आहे. पण जो येतो तो तोल. इथला रस्ता वेगळा शिकावा लागतो.

तिकडे हॉर्न सतत बोलत असतो, मागून कोण येतंय ते कानाला कळतं. इथे सहसा कोणी हॉर्न वाजवत नाही. ड्रायव्हर गृहीत धरतो की तुम्ही मागे वळून बघितलंय आणि वळायचं असेल तर हात दाखवाल. त्यात इलेक्ट्रिक गाड्या आवाज न करता शेजारी येऊन उभ्या राहतात.

नवरा सुरुवातीला पुण्याच्या सवयीने रस्त्याच्या कडेला अगदी चिकटून चालवायचा. इथल्या बऱ्याच कौन्सिल मोठ्या माणसांना सायकलचं ट्रेनिंग फुकट किंवा नाममात्र पैशात देतात. ‘चाळिशीत काय सायकल शिकायची’ असं म्हणत तो गेला. शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्या दहा मिनिटांतच सांगितलं, ‘तुम्ही जितके कडेला सराल, तितकी गाडीवाल्याला तुमच्या शेजारून घुसायला जागा आहे असं वाटेल.’ कडेला खड्डे असतात, गटाराच्या जाळ्या असतात, काचा असतात. आणि उभ्या असलेल्या गाडीचं दार कधी उघडेल याचा नेम नाही.

ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये २९ जानेवारी २०२२ पासून हे स्पष्ट लिहिलंय. आपण इथे लायसन्स काढलं ते त्याच्या आधी, त्यामुळे अनेकांना हे बदल माहीतच नाहीत. थोडक्यात सांगते.

- शांत रस्त्यावर, हळू ट्रॅफिकमध्ये आणि जंक्शनजवळ येताना सायकल लेनच्या मधोमध चालवायची. वेगाच्या रस्त्यावर कडेपासून निदान अर्धा मीटर आत.

- उभ्या गाड्यांच्या रांगेपासून साधारण एक मीटर दूर. दार उघडलं तरी आपल्याला लागणार नाही इतकं.

- ताशी ३० मैलांपर्यंत वेग असताना गाडीने सायकलला ओव्हरटेक करायचं तर मध्ये निदान दीड मीटर अंतर. वेग जास्त तर अंतरही जास्त.

- गाडीचं दार उघडताना दाराच्या बाजूचा हात न वापरता दुसरा हात वापरायचा, म्हणजे अंग आपोआप वळतं आणि मागून येणारी सायकल दिसते. याला इथे डच रीच म्हणतात. हे सायकलवाल्यांसाठी नाही, गाडीत बसलेल्या आपल्यासाठी आहे. मागच्या सीटवरच्या मुलांना आजपासून ही सवय लावा.

एक गोष्ट मुलांना घोकून घ्यायला लावा: मोठ्या लॉरीच्या डाव्या बाजूने पुढे घुसायचं नाही. सिग्नलला लॉरी उभी असते, डावीकडे सायकलपुरती मोकळी जागा दिसते, मोह होतो. लॉरी डावीकडे वळली की ती जागा नाहीशी होते. लंडनमध्ये सायकलस्वारांचे जीव गेले त्यातले कितीतरी असे गेलेत. सोपी खूण अशी: लॉरीचा आरसा तुम्हाला दिसत नसेल, तर ड्रायव्हरला तुम्ही दिसत नाही. मागे थांबा, अर्धं मिनिट जाईल.

स्वतंत्र सायकल ट्रॅक असला की आपण निर्धास्त होतो. नवरा हॅमरस्मिथला जातो. ब्रेंटफर्डच्या पुढे त्याला सायकलवे ९ मिळतो, चिझिक हाय रोडवरून जाणारा. छान ट्रॅक आहे, दोन्ही दिशांनी सायकली जातात. पण नेमकं तिथेच जपायला हवं. बाजूच्या गल्लीतून येणारा ड्रायव्हर गाड्या जिकडून येतात तिकडेच बघतो. दुसऱ्या बाजूने सायकल येईल हे त्याच्या डोक्यातच नसतं. म्हणून प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी हात ब्रेकवर. बसस्टॉपपाशीही तेच, कारण बसमधून उतरणारी आजी ट्रॅक बघत नाही.

आता दिवे. डिसेंबरमध्ये लंडनला चार वाजायच्या आधी सूर्य मावळतो. शाळा सुटून क्लबला थांबलेलं मूल अंधारातच घरी येणार. अंधार पडल्यावर पुढे पांढरा दिवा, मागे लाल दिवा आणि मागे लाल रिफ्लेक्टर हे कायद्याने लागतं, पॅडलवर पिवळसर रिफ्लेक्टरही. आपल्या वेळी डायनॅमो असायचा, थांबलं की दिवा विझायचा. आता यूएसबीवर चार्ज होणारे चांगले दिवे मिळतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे गेली की त्याच दिवशी दिवे तपासायचे, असा आमच्याकडे नेम आहे. लक्ष्मीपूजन साधारण त्याच सुमाराला येतं, त्यामुळे विसरत नाही.

हेल्मेट इथे कायद्याने सक्तीचं नाही, हायवे कोड फक्त सल्ला देतो. आमच्या घरात सक्तीचं आहे, आणि या कलमावर चर्चा होत नाही. फुटपाथवर सायकल चालवणं बेकायदा आहे, कायदा चक्क १८३५ सालचा आहे. आणि आपलं लाडकं डबलसीट इथे चालत नाही. सायकल दोघांसाठी बनवलेली नसेल तर मागे कोणाला बसवायचं नाही, भाऊबहीण असले तरी.

मुलांसाठी शाळेत बाइकेबिलिटी असतं. तीन लेव्हल आहेत. पहिली मैदानावर, दुसरी शांत रस्त्यांवर, तिसरी वाहत्या रस्त्यांवर. इयर फाइव्ह-सिक्सला शाळा साधारण दुसरीपर्यंत करून घेतात. फॉर्म घरी येतो तेव्हा तो बॅगेच्या तळाशी राहू देऊ नका. त्यानंतरचं काम आपलं. लेकीबरोबर आम्ही शाळेचा रस्ता आधी दोन रविवारी केला, मग एका कामाच्या दिवशी सकाळी सव्वाआठला. रविवारचा रस्ता आणि सव्वाआठचा रस्ता यांचं एकमेकांशी काही नातं नाही. तिसऱ्या फेरीनंतर तिनेच सांगितलं, ‘आई, त्या राउंडअबाउटवरून नको, मागच्या गल्ल्यांमधून जाते. सात मिनिटं जास्त लागतात, पण मला भीती वाटत नाही.’ तिच्या शाळेच्या अख्ख्या प्रवासातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ते होतं, आणि ते तिच्याकडून यावं लागतं.

२. ई-बाइक कधी सायकल असते आणि कधी मोटारसायकल

हा भाग टीनएजर मुलांच्या आईबाबांनी नीट वाचा.

ब्रिटनमध्ये ई-बाइक सायकल म्हणून धरली जायला तिला पॅडल हवीत, मोटर २५० वॉटपेक्षा जास्त नको, ताशी १५.५ मैल म्हणजे २५ किलोमीटरला मोटरची मदत बंद पडायला हवी, आणि चालवणारा १४ वर्षांचा पूर्ण हवा. एवढं जुळलं की लायसन्स नको, टॅक्स नको, विमा सक्तीचा नको. यातलं काही बसलं नाही तर कायद्याच्या नजरेत ती मोटारसायकल किंवा मोपेड. मग रजिस्ट्रेशन, नंबरप्लेट, लायसन्स, विमा, मोटारसायकलचं हेल्मेट, सगळं आलं.

ऑनलाइन ‘७५० वॉट, अंगठ्याने पळते, ताशी ३० मैल’ अशी जाहिरात दिसते आणि किंमत बघून मोह होतो. विकणारा तळाशी बारीक अक्षरांत लिहून मोकळा होतो की खासगी जागेवरच वापरा. आपल्याकडे कुठली आलीय खासगी जागा! पार्किंगची एक पट्टी आणि मागे वाळत घातलेले कपडे.

पोलिसांनी अशी बाइक थांबवली तर ती जप्त होऊ शकते. आणि विम्याशिवाय वाहन चालवल्याबद्दल साधारण ३०० पाउंड दंड आणि लायसन्सवर सहा पॉइंट. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या नावावर हे पॉइंट पूर्ण लायसन्स हातात यायच्या आधीच बसू शकतात. इथे पूर्ण लायसन्स मिळाल्यापासून दोन वर्षांत सहा पॉइंट झाले की ते रद्द होतं, पुन्हा थिअरी, पुन्हा टेस्ट. तरुण मुलांच्या गाडीचा विमा आधीच किती महाग असतो हे ज्यांनी भरलाय त्यांना विचारा. त्यात ‘विम्याशिवाय वाहन चालवलं’ ही नोंद पडली की पुढची काही वर्षं तो हप्ता काय होईल, याचा हिशेब घरातल्या घरात करून बघा. ऑनलाइन वाचलेले चारशे पाउंड कुठल्या कुठे जातात.

खासगी ई-स्कूटरचंही सांगून टाकते, कारण वाढदिवसाला हमखास मागितली जाते. दुकानात राजरोस मिळते, पण स्वतःच्या मालकीची ई-स्कूटर सार्वजनिक रस्त्यावर किंवा फुटपाथवर चालवणं बेकायदा आहे. फक्त ठरावीक शहरांतल्या सरकारमान्य भाड्याच्या स्कूटर चालतात, आणि त्यालाही लायसन्स लागतं.

३. बॅटरी

पोस्ट लिहायला बसले ती खरं तर यासाठी.

माझ्या मामेबहिणीचा मुलगा इथे एमएस्सी करून गेला वर्षभर ग्रॅज्युएट व्हिसावर आहे. नोकरी शोधतोय आणि संध्याकाळी जेवणाच्या डिलिव्हरी करतो. (स्टुडंट व्हिसावर असताना हे काम चालत नाही, तो स्वयंरोजगार धरला जातो. तुमच्या ओळखीत कोणी विद्यार्थी करत असेल तर त्याला आधी हे सांगा.) हे त्याच्या परवानगीने लिहितेय. अट एकच होती, नाव नको.

नोव्हेंबरमध्ये उरलेला फराळ द्यायला त्याच्याकडे गेले होते. सहा मुलांचं घर. दार उघडलं की अरुंद पॅसेज, पॅसेजमधून वर जिना, आणि जिन्याच्या पायाशी त्याची बाइक एक्स्टेंशनला लावलेली. साधी माउंटन बाइक, तिला कोणीतरी मोटर आणि बॅटरी जोडलेली, दुसऱ्या डिलिव्हरीवाल्याकडून विकत घेतलेली. चार्जर नवा दिसला.

‘जुना बिघडला मावशी. हा अठरा पाउंडांना मिळाला. मस्त आहे, पहिल्यापेक्षा लवकर फुल होते.’

लवकर का फुल होते हा प्रश्न आमच्या धंद्यातला आहे. एखादा आकडा अचानक छान दिसायला लागला की आधी कागद मागायचा. मी वाकून दोन्ही लेबलं वाचली. बॅटरीवर ३६ व्होल्ट. चार्जरवर आउटपुट ५४.६ व्होल्ट.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी: ३६ व्होल्टच्या लिथियम-आयन बॅटरीचा चार्जर साधारण ४२ व्होल्टचा असतो. ५४.६ चा चार्जर ४८ व्होल्टच्या बॅटरीचा. दोघांची पिन अनेकदा अगदी सारखी असते, बेमालूम बसते. पण आत बॅटरीला ती सोसते त्यापेक्षा जास्त दाब दिला जातो. मध्ये फक्त बॅटरीतलं सुरक्षेचं एक सर्किट उभं असतं, आणि स्वस्तातल्या जोडाजोडीच्या बॅटरीत ते कितपत भरवशाचं असेल हे कोणीच सांगू शकत नाही. मी हात लावून बघितला, बॅटरी चांगलीच कोमट होती. प्लग काढला आणि फराळाचा डबा हातात तसाच ठेवून जिन्यावर बसले.

‘अगं रोज इथेच लावतो. काही होत नाही.’

‘रात्री लावतोस?’

‘हो, झोपताना. सकाळी फुल मिळते.’

वर पाच बेडरूम, खाली यायला एकच जिना, आणि जिन्याच्या तोंडाशी हे. वरचा स्मोक अलार्म बघायला गेले तर त्यातला सेल काढून ठेवलेला. कारण विचारलं. फोडणी दिली की वाजतो म्हणे.

लिथियम बॅटरीची आग साध्या आगीसारखी वाढत वाढत जात नाही. एक सेल तापतो, तो शेजारच्याला तापवतो, आणि काही क्षणांत सगळी बॅटरी भडकते. विषारी वायू निघतात, सेल फुटून इकडेतिकडे उडतात, विझली असं वाटलं तरी पुन्हा पेटू शकते. लंडन फायर ब्रिगेडने सांगितलं होतं की २०२३ मध्ये ई-बाइक आणि ई-स्कूटरच्या आगींसाठी त्यांना सरासरी दर दोन दिवसांनी एकदा जावं लागलं. नंतर जोडलेले कन्व्हर्जन किट आणि न जुळणारे चार्जर यांबद्दल ते सतत सावध करत असतात. मार्च २०२३ मध्ये पूर्व लंडनमध्ये शॅडवेलला एका फ्लॅटला ई-बाइकच्या बॅटरीने आग लागली. दोन बेडरूमच्या त्या फ्लॅटमध्ये डझनाहून जास्त माणसं राहत होती. त्यातला एक जण वाचला नाही. बांगलादेशातून नुकताच आलेला, दोन मुलांचा बाप. जिन्यावर बसून मी भाच्याला हे सगळं सांगितलं.

तो गप्प झाला. मग म्हणाला, ‘मावशी, बरोबर आहे तुझं. पण चांगली नवी बॅटरी साडेतीनशे पाउंडांना आहे. महिन्याचं भाडं देऊन माझ्याकडे एकशे दहा उरतात. बाइक बंद ठेवली तर तेही नाहीत. आणि आईला यातलं काही सांगू नकोस, ती तिकडे झोपायची नाही.’

या वाक्यावर मला पाठ केलेली सुरक्षेची यादी ऐकवता येईना. मुलं मूर्ख नसतात. त्यांच्या हिशेबात आजचे एकशे दहा पाउंड खरे असतात आणि आग ही कुठेतरी दुसऱ्याकडे लागलेली असते. त्या हिशेबात काही बदलायचं असेल तर उपदेशाऐवजी आकडे बदलावे लागतात. म्हणून आम्ही दोघांनी त्याच जिन्यावर कागद घेतला. त्याच्याच बिरादरीतले काही जण कायदेशीर ई-बाइक आठवड्याच्या भाड्याने घेतात, देखभाल दुकानाकडे असते, चार्जर त्याच बाइकचा मिळतो. ते भाडं जाऊनही त्याच्या हातात थोडे पैसे उरत होते, कमी, पण उरत होते. डिपॉझिट मी दिलं, उसने म्हणून, दरमहा २५ पाउंड परतफेड. त्याने एकही हप्ता चुकवलेला नाही, हे त्याच्या आईसाठी लिहितेय. तिला त्याने डिसेंबरमध्ये स्वतःच सगळं सांगितलं. जुनी बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकायची नसते, तेव्हा कौन्सिलच्या रिसायकलिंग सेंटरला आधी फोन करून ती तिथे दिली. स्मोक अलार्ममध्ये सेल परत बसला, आणि फोडणीच्या वेळी स्वयंपाकघराचं दार लावून खिडकी उघडायची असं सहा जणांनी ठरवलं.

आमच्या घरातले नियमही लिहिते, साधेच आहेत.

- चार्जर बाइकच्याच कंपनीचा किंवा त्यांनी सांगितलेला. दोन लेबलं जुळल्याशिवाय प्लग लावायचा नाही.

- चार्जिंग जागेपणी, घरात कोणी असताना. फुल झाली की प्लग काढायचा.

- पॅसेज, जिना, मुख्य दार, मुलांच्या खोलीबाहेर, कुठेही चार्जिंग नाही. ज्या वाटेने बाहेर पळायचं ती वाट मोकळी.

- एक्स्टेंशन नाही, थेट भिंतीतल्या सॉकेटला. वर कपडे, पिशव्या काही ठेवायचं नाही.

- लांबून आल्या आल्या लगेच लावायची नाही, थोडी थंड होऊ द्यायची.

- बॅटरी फुगली, वेगळा वास आला, गळली, फुसफुस किंवा टकटक आवाज आला, जोरात आपटली, की वापर बंद.

- पेटलीच तर पाणी, ब्लँकेट, शौर्य काही नाही. दार ओढून घ्यायचं, सगळ्यांनी बाहेर, ९९९.

- दर महिन्याच्या एक तारखेला स्मोक अलार्मचं बटण दाबून बघायचं.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर लीज किंवा भाडेकरार काढून वाचा. काही ठिकाणी इमारतीत ई-बाइक ठेवायला किंवा चार्ज करायला मनाई असते.

४. कागदपत्रं (माझा आवडता भाग, पटकन आवरते)

नोकरीत सायकल टू वर्क स्कीम असेल तर जरूर घ्या. पगारातून कराआधी पैसे कापले जातात. बेसिक रेटवाल्यांचे साधारण २८ टक्के आणि हायर रेटवाल्यांचे साधारण ४२ टक्के वाचतात. म्हणजे १,८०० पाउंडांची ई-बाइक पहिल्यांना १,२९६ ला आणि दुसऱ्यांना १,०४४ ला पडते, शेवटी मालकी आपल्या नावावर करायला लागणारी रक्कम वेगळी. दोन अटी लक्षात ठेवा. कपातीनंतरचा पगार किमान वेतनाच्या खाली जाता कामा नये, आणि सायकल मुख्यतः कामावर जाण्यायेण्यासाठी हवी. मुलाची सायकल यात बसवायचा विचार असेल तर तो सोडा. चांगल्या बाइकसाठी सरकारच इतकी सूट देतंय, मग कन्व्हर्जन किटवर पैसे वाचवण्यात काय हशील?

घराच्या विम्यात सायकल आहे असं बऱ्याच जणांना वाटतं. पॉलिसी उघडून तीन गोष्टी शोधा: एका वस्तूची कमाल रक्कम, घराबाहेर असताना कव्हर आहे का, आणि कुलूप कुठल्या दर्जाचं लागतं. इथे कुलपांना सोल्ड सिक्युअरची ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, डायमंड अशी श्रेणी असते. पॉलिसीत गोल्ड लिहिलं असेल आणि तुमचं ब्राँझ असेल, तर क्लेमच्या दिवशी वाद घालून उपयोग नाही. फ्रेमवरचा नंबर, सायकलचा फोटो आणि पावती एका फोल्डरमध्ये ठेवा, आणि बाइकरजिस्टरवर नोंद करा.

आपल्या सायकलमुळे दुसऱ्याला इजा झाली तर? हा प्रश्न कोणी विचारत नाही. सायकलिंग यूके किंवा ब्रिटिश सायकलिंगच्या ठरावीक सभासदत्वात थर्ड पार्टी विमा येतो. रोज चालवणाऱ्याने तो घ्यावा असं माझं मत. आणि गाडीने धक्का दिला, तर लागलं नसेल असं वाटलं तरी गाडीचा नंबर, ड्रायव्हरचं नाव-पत्ता घ्या, फोटो काढा. आपल्या मुलांना ‘सॉरी, आय एम फाइन’ म्हणून उठायची फार घाई असते. दुखणं संध्याकाळी कळतं.

५. इतर देशांतल्या मंडळींसाठी

नियम तिथले बघा, बॅटरी मात्र सगळीकडे तशीच पेटते. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत ई-बाइकचे तीन क्लास आहेत: क्लास एक आणि दोन ताशी २० मैलांपर्यंत, तीन २८ पर्यंत, आणि वयाची अट राज्याप्रमाणे बदलते. न्यूयॉर्क शहरात २०२३ मध्ये बॅटरीच्या आगींत १८ माणसं गेली. त्याच वर्षापासून तिथे विकायच्या ई-बाइकला यूएल २८४९ हे प्रमाणपत्र सक्तीचं झालं. तुमच्या शहरात सक्ती नसली तरी खरेदी करताना तो शिक्का शोधा. युरोपात साधारण ब्रिटनसारखाच २५० वॉट आणि २५ किलोमीटरचा नियम आहे. इस्रायलमध्ये ई-बाइकसाठी किमान वय १६ आहे.

आता हिशेबाचं पान मिटते. काटकसर करा: ब्रँडवर, रंगावर, गिअरच्या संख्येवर, कार्बन फ्रेमवर, गेल्या वर्षीच्या मॉडेलवर. मुलांची सायकल तर सेकंडहँडच घ्या, वर्षात लहान होते. फक्त दुकानात नेऊन ब्रेक आणि टायर तपासून घ्या. काटकसर करू नका: दिवे, ब्रेक, हेल्मेट, ट्रेनिंगचे दोन तास, चार्जर आणि बॅटरी.

घरी ई-बाइक असेल तर आज रात्री एवढंच करा. बॅटरी आणि चार्जर शेजारी ठेवून लेबलवरचे आकडे वाचा. कळलं नाही तर दोन्हींचा फोटो दुकानात नेऊन दाखवा. आणि ओळखीत कोणाचा मुलगा, पुतण्या, भाचा शेअर्ड घरात राहून डिलिव्हरी करत असेल तर त्याला या आठवड्यात जेवायला बोलवा. जेवताना विचारा, ‘बाइक रात्री कुठे लावतोस रे?’ उत्तर ऐकून ओरडू नका. कागद-पेन घेऊन बसा.